उपवासकाळात कोणती गीते गावीत?



राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की आपल्या गायकवृंदापुढे दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो : आता सहा आठवडे काय गायचे? पुष्कळदा उत्तर ठरलेले असते. वहीतील दुःखसहनाच्या गीतांचे पान उघडायचे आणि गुड फ्रायडेपर्यंत तीच गायची. ती सर्वांना पाठ असतात, आवडतात, डोळ्यांत पाणी आणतात. मग अडचण कोणती?

गीते वाईट नाहीत. निवड अपुरी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात उपवासकाळाची दोन अंगे सांगितली आहेत : स्नानसंस्काराचे स्मरण वा त्याची तयारी, आणि पश्चात्ताप. पहिल्याच रविवारपासून आपण केवळ क्रुसाखाली उभे राहिलो, तर मनपरिवर्तन, देवाची करुणा, जिवंत पाणी, प्रकाश यांविषयी कधी गाणार? शिवाय येथे एक धोकाही आहे. येशूच्या वेदनांसाठी रडणे सोपे असते, स्वतःचे जीवन बदलणे कठीण. क्रूस वाहताना येशूने यरुशलेमच्या स्त्रियांना, माझ्यासाठी रडू नका, स्वतःसाठी व आपल्या मुलांसाठी रडा, असेच सांगितले होते (लूक २३:२८).

काय गाऊ नये?

रविवारच्या मिस्सेत गौरवगीत गायले जात नाही. 'आलेलुया' तर पास्काजागरणापर्यंत पूर्ण थांबते. संत योसेफ (१९ मार्च) आणि प्रभुजन्माचा संदेश (२५ मार्च) या सणांना गौरवगीत असते, पण आलेलुया तेव्हाही नसते. म्हणून ज्या गीताच्या ध्रुवपदात आलेलुया आहे, ते कितीही आवडते असले तरी पास्कापर्यंत राखून ठेवावे. वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यासाठी वाजवावीत. अर्पणाच्या वेळी नुसता किबोर्ड वाजवत राहणे या काळात योग्य नाही. चौथा रविवार आणि मोठे सण याला अपवाद आहेत.

हे निर्बंध कशासाठी? उपवास फक्त पोटाचा नसतो, कानांचाही असतो. जी गोष्ट रोज मिळते तिची किंमत कळत नाही. सहा आठवडे न गायलेला आलेलुया पास्काच्या रात्री ऐकू येतो, तेव्हा तो खऱ्या अर्थाने नवा वाटतो. येथे मौनही उपासनेचा भाग असते.

काय गावे?

गीतांची वही उघडण्याआधी त्या रविवारचे शुभवर्तमान उघडा. पहिल्या रविवारी अरण्यातील मोह आणि दुसऱ्या रविवारी येशूचे रूपांतर हे विषय तिन्ही वर्षी असतात. 'अ' वर्षात पुढे शोमरोनी स्त्री, जन्मांध मनुष्य आणि लाजरस येतात, म्हणजेच पाणी, प्रकाश आणि जीवन. ही तिन्ही स्नानसंस्काराची चिन्हे आहेत. 'क' वर्षातील चौथ्या रविवारी उधळ्या पुत्राचा दाखला वाचला जातो. त्या दिवशी घरी परतण्याचे, पित्याच्या क्षमेचे गीत नको का? वाचन एक सांगते आणि गीत दुसरेच, असे झाले तर भाविक काय घेऊन घरी जाणार?

प्रतिसाद स्तोत्राच्या जागी दुसरे कोणतेही गीत घेऊ नये. स्तोत्र हे देववचन आहे. स्तोत्र ५१ किंवा १३० साध्या चालीत म्हटले, तरी त्यातील पश्चात्तापाला तोड नाही.

मग दुःखसहनाची गीते कुठे? त्यांची हक्काची जागा शुक्रवारची क्रुसाची वाट आणि गुड फ्रायडे. झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत ख्रिस्तराजाचा जयजयकार होतो. त्यानंतरच्या मिस्सेत दुःखसहनाचे वाचन असते, तेथेही ती शोभतात. जागेवर गायलेले गीत अधिक खोल उतरते.

सर्वांनी गावे

दर रविवारी नवे गीत आणले, तर शेवटच्या बाकावरची आजी गप्प बसते आणि मिस्सा हा गायकवृंदाचा कार्यक्रम होतो. म्हणून संपूर्ण काळासाठी एकच प्रवेशगीत ठरवावे. नवे गीत एखादेच शिकवावे, तेही मिस्सेपूर्वी.

प्रत्येक गीतापुढे गायकांनी तीन प्रश्न ठेवावेत : हे आजच्या प्रभुशब्दाशी जुळते का? उपासनेतील या क्षणाला शोभते का? लोकांना ते गाता येईल का? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर ते गीत घ्यावे.

जशी प्रार्थना तशी श्रद्धा, असे ख्रिस्तसभा पूर्वापार मानत आली आहे. प्रवचन लोक सोमवारपर्यंत विसरतात, हे मला ठाऊक आहे; पण गीत स्वयंपाकघरात, शेतात, लोकलच्या गर्दीतही ओठांवर राहते. या उपवासकाळात आपल्या ओठांवरचे गीत आपल्याला पित्याच्या घराकडे परत नेवो, हीच प्रार्थना.

— आपले धर्मगुरू