चित्राची पाठ

चित्र आपण समोरून पाहतो. आज आम्ही तुम्हाला चित्राची पाठ वाचायला सांगणार आहोत.

राजस्थानात मेवाड नावाचे राज्य होते. उदयपूर ही त्याची राजधानी. तिथे राणा अमरसिंह दुसरा याने १६९८ ते १७१० पर्यंत राज्य केले. घोड्यावर बसलेल्या या राण्याचे एक चित्र आहे.

अशी दरबारी चित्रे हातात धरून पाहायची असत. कागदावर कागद चिकटवून तो जाड करायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचा, मग खारीच्या केसांच्या कुंचल्याने चितारायचे. आपल्या चित्रकाराची खूण म्हणजे काळे बारीक बारीक ठिपके. त्याचे नाव कुठे लिहिलेले सापडत नाही. म्हणून जाणकार त्याला 'ठिपक्यांचा उस्ताद' म्हणतात. एवढा मोठा कारागीर, पण नावाची एक ओळ नाही!

राजवाड्यात चित्रांचे कोठार होते. त्याला ज्योतदान म्हणत. तिथली मंडळी चित्र उलटे करून पाठीवर नोंद करीत. चित्र कोणाचे, नंबर किती, किंमत किती. कधी घोड्याचे किंवा हत्तीचेही नाव लिहीत. अक्षरे नागरी. म्हणजे आपण गिरवतो तीच, फक्त जुन्या वळणाची.

१९४८ साली मेवाड राजस्थानच्या संघात सामील झाले. राण्यांचे राज्य संपले. पुढे मेवाडची पुष्कळ चित्रे कोठाराबाहेर पडली आणि देशोदेशी गेली. राणा अमरसिंहाचे हे चित्र १९८० साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या संग्रहालयाने घेतले. पैसा कोणाचा? आल्फ्रेड फेल्टन नावाच्या औषधांच्या व्यापाऱ्याचा. तो तर १९०४ सालीच वारला होता. पण आपल्या पैशातून कलेच्या वस्तू घ्याव्यात, असे तो मृत्युपत्रात लिहून गेला. पाहा, इथेही लिहिलेलेच कामास आले.

आता विचार करा. घोड्यावरचे राणे पुष्कळ. पगडी, मिशा, ढाल, सारे सारखेच दिसते. कोणी पाठीवरची ओळ खरवडली, किंवा चौकटीत बसवताना वर जाड कागद डकवला, तर राणा कोणता हे कसे कळणार? चित्र कोणाकडून कोणाकडे गेले, विकत घेतले की चोरले, हे तरी कसे ठरणार? शेताला सातबारा, तशी चित्राला पाठ. ती गेली की चित्र बेवारशी झाले.

तुमच्या घरी आजोबांचा जुना फोटो असेल. त्यांना ओळखणारी माणसे आज घरात आहेत, उद्या नसतील. आजच त्यांना विचारा. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा: नाव, गाव, साल. लिहिता येऊ लागले आहे, तर पहिली नोंद घरच्या माणसाची करा.