आधी बोट टोचा, मग तोंड हुंगा

मी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. तरी कागल पंचतारांकित एमआयडीसीत आमच्या कॉन्ट्रॅक्टरच्या रजिस्टरात माझ्या नावापुढं 'ड्युटीवर नशेत' असा शेरा आहे. शुगरवाली माणसं प्रत्येक शॉपमध्ये आहेत, उद्या त्यांच्यावरही हीच वेळ येईल, म्हणून हे लिहितोय.

सेकंड शिफ्ट होती. जेवणाआधीची ग्लिमेपिराइड वेळेवर घेतली होती, पण रिलिव्हर आला नाही. "गोळी घेतलीय, आता जेवायलाच पाहिजे," असं मी सुपरवायझरला बजावून सांगितलं. "एवढा लॉट काढ आणि जा." पुढं हात थरथरायला लागले, अंग घामानं चिंब झालं, जीभ जड झाली. तर हा माणूस गेटवरच्या सिक्युरिटीला बोलावून म्हणतो, "ह्याचं तोंड हुंगून बघ, लावून आलाय." सगळ्या शॉपसमोर माझं तोंड हुंगलं गेलं. वास कसला येणार? तरी त्याचं समाधान होईना. शेवटी निपाणीच्या एका दोस्तानं दंडाला धरून मला अँब्युलन्स रूममध्ये नेलं. बोट टोचलं, शुगर ४८. ७० च्या खाली गेली की उपाय करायचा असतो. मेंदूला साखर कमी पडली की माणूस अडखळतो, बरळतो, चिडतो. बघणाऱ्याला तो प्यायलेला वाटतो. साखरेचं पाणी प्यायलो तेव्हा भानावर आलो. त्यावर साहेब काय म्हणाले? "मग आधी सांगायचं नाही व्हय?" डॉक्टरांची चिठ्ठी मी कामावर लागतानाच दिली होती.

आता ऐका. तुमची कुठली गोळी शुगर एकदम खाली आणते, ते डॉक्टरांना विचारून घ्या. नुसत्या मेटफॉर्मिननं असं सहसा होत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिननं होतं. तिन्ही शिफ्टचं वेळापत्रक त्यांच्यापुढं ठेवा आणि गोळीची वेळ जेवणाला बांधून मागा, घड्याळाला नको. ताट समोर आल्याशिवाय ती गोळी तोंडात टाकू नका, कँटीनच्या वेळेचा भरवसा धरू नका. खिशात ग्लुकोज पावडर ठेवा. तीन-चार चमचे पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग पोटभर जेवा. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

शेजारच्या मशीनवरच्या माणसाला आजार सांगून ठेवा. लाज कसली? मला साहेबानं नाही, दोस्तानं वाचवलं. इन्सुलिन घेत असाल तर एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. सेफ्टी शूज काढले की रोज तळपाय बघा. चाला, वेळेवर झोपा, हे सगळे सांगतातच. पगारातून ईएसआयचा पाऊण टक्का कापला जातो, तो तुमचाच पैसा आहे. कार्ड काढून तपासण्या करून घ्या.

आणि सुपरवायझर मंडळींनो, अँब्युलन्स रूमची सक्ती ५०० हून जास्त कामगारांच्या कारखान्यांना १९४८ च्या कायद्यानंच केली. ती कुलूप लावून ठेवायला नाही. माणूस घामाघूम होऊन अडखळताना दिसला तर आधी त्याची शुगर तपासा आणि शुगरवाल्याला जेवायला वेळेवर सोडा.