जुनी वास्तू, नवा हुन्नर

मैत्रिणींनो, दहावी झाली की घरोघरी एकच प्रश्न : आता पुढं काय? मुलग्याला मिळेल ती नोकरी आणि मुलीचं लग्न, एवढ्यावरच विषय संपू नये. म्हणून या महिन्याचा पाठ जुन्या वास्तूंच्या जतनाचा.

आधी दाखवा. मुलामुलींना घेऊन एक दिवस खडकीला जा. मुळेवरचा दगडी होळकर पूल पाहा, निगुतीनं राखलेली युद्ध स्मशानभूमी पाहा. ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशवे आणि इंग्रजांची लढाई याच परिसरात झाली. पण सनावळीवर थांबू नका. विचारा : दगड कुणी घडवला? सांधे कशानं भरले? उद्या ढासळला तर नीट कोण करणार?

चुना का? जुन्या भिंती ओल घेतात आणि सोडतात. चुन्याचा दर्जा ती ओल बाहेर जाऊ देतो. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, विटेचे पोपडे निघतात. म्हणून चुन्यात काम करणारा गवंडी लागतो. भिंत सारवताना ओलं किती, कोरडं किती हे आपल्या हाताला कळतं ना? तीच समज इथं कामी येते.

करून बघा. विरलेला चुना एक वाटी, चाळलेली वाळू तीन वाट्या, लागेल तसं पाणी. दोन भिजवलेल्या विटा जोडा आणि काही दिवस ओलं पोतं झाकून ठेवा. चुना हवा घेत सावकाश घट्ट होतो, घाई चालत नाही. हातमोजे, चष्मा हवाच. कळीचा चुना मुलांना विरू देऊ नका, तो उकळून अंगावर उडतो, डोळा जाऊ शकतो.

पुढच्या वाटा
- दहावीनंतर : आयटीआयमध्ये गवंडीकाम, सुतारकाम, नकाशाकाम. खडकीजवळ औंधला आयटीआय आहे.
- बारावीनंतर : गणित असेल तर वास्तुकला.
- पदवीनंतर : येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वशास्त्र.

एक गोष्ट पक्की : शिकवण्याच्या नावाखाली अठरा वर्षांखालच्या लेकराला परांचीवर चढवायचं नाही.

२०२५ साली युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यातले अकरा आपल्या राज्यात. ते राखायला हात लागणारच. ते आपल्या लेकींचेही का नसावेत?

बैठकीत बोला : आपल्या गावात जुनी बारव, वेस, देऊळ कोणतं? चुन्याचं काम येणारं म्हातारं माणूस कोण? त्यांना पुढच्या बैठकीला बोलवा.