कॉफीच्या ऊतिसंवर्धनातील जंतुसंसर्ग व त्याचे निवारण

रोबस्टा कॉफीत परपरागीभवन होत असल्याने उत्तम झाडाच्या बियांपासून तशीच झाडे निपजतील अशी खात्री नसते. अरेबिकाच्या संकरित वाणांची पुढील पिढीही एकसारखी येत नाही. म्हणून पानाच्या तुकड्यापासून कायिक भ्रूण तयार करून रोपे वाढविण्याची पद्धत उपयुक्त ठरली आहे. परंतु तुकड्यापासून रोप होईपर्यंत अनेक महिने जातात, आणि साखरयुक्त पोषक माध्यम बुरशी व जीवाणूंनाही तितकेच मानवते. अखेरच्या टप्प्यात एक मोठे भांडे नासले तर त्यातील सर्व भ्रूण व इतक्या महिन्यांचे श्रम फुकट जातात.

बुरशी बहुधा काही दिवसांतच कापसासारखी दिसू लागते. असे भांडे न उघडता ऑटोक्लेव्हमध्ये घालावे व मगच धुवावे. खरा धोका पानाच्या आत राहणाऱ्या जीवाणूंचा होय. सोडियम हायपोक्लोराइटने पानाचा पृष्ठभाग शुद्ध होतो, पण आत दडलेल्या जीवाणूंपर्यंत ते पोहोचत नाही. द्रावण फार तीव्र केल्यास पानच करपते. मर्क्युरिक क्लोराइड प्रभावी खरे, परंतु ते जहाल विष असल्याने शक्य तेथे टाळावे, असे आमचे मत आहे.

यास्तव निवारणाचा आरंभ मातृझाडापासून करावा. चिकमगळूर वा कोडगूच्या मळ्यात भर पावसाळ्यात भिजलेल्या झाडाची पाने आणल्यास प्रयोगशाळेतील खटाटोप बहुतांशी व्यर्थ जातो. निवडलेल्या झाडाचे कलम कुंडीत, आच्छादनाखाली वाढवावे. पाणी मुळाशीच द्यावे, पानांवर शिंपडू नये. आणि नवीन फुटीची निरोगी, कोवळी पाने घ्यावीत.

माध्यम १२१ अंश सेल्सियसला, १५ पौंड दाबाखाली १५ ते २० मिनिटे ठेवावे. मोठ्या बाटल्यांस अधिक वेळ लागतो. चिमटे व सुऱ्या केवळ ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून भागत नाही. बॅसिलस जातीच्या जीवाणूंचे बीजाणू त्यात तग धरतात, म्हणून हत्यारे ज्योतीवर तापवून थंड होऊ द्यावीत.

सेफोटॅक्झिमसारखी प्रतिजैविके उष्णतेने निकामी होतात, ती ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, माध्यम कोमट झाल्यावर मिसळावीत. त्यांच्यावर भिस्त मात्र ठेवू नये. पुष्कळदा जीवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ तेवढी थांबते, आणि साध्या माध्यमावर येताच ते पुन्हा डोके वर काढतात. म्हणून वाढवणी करण्यापूर्वी प्रत्येक वंशावळीचा लहानसा तुकडा प्रतिजैविकाविना, जीवाणूंच्या पोषक आगरावर ठेवून आठवडाभर पाहावा. गढूळपणा वा चिकट थर दिसल्यास ती वंशावळ त्याच दिवशी काढून टाकावी.