रानातले तळ
शास्त्रपाठ : गणना ३३:१-१५, गणना ९:१५-२३, लेवीय २३:३९-४३



गणना ह्या पुस्तकाचा तेहतिसावा अध्याय आपण बहुधा भरभर वाचून पुढे जातो. इस्राएल लोक कोठून निघाले, कोठे तळ देऊन राहिले, पुन्हा कोठून निघाले, ह्यांची ती कोरडी यादी वाटते. रामसेसपासून मवाबाच्या मैदानापर्यंतच्या ४० वर्षांच्या वाटेवरील हे तळ परंपरेने ४२ मोजले जातात. ही यादी मोशेने परमेश्वराच्या आज्ञेवरून लिहिली, असे दुसरे वचन सांगते. ती का लिहून ठेवावयाची होती, ह्याचा आज विचार करू.

१. रान म्हणजे काय?
इब्री भाषेत ह्या पुस्तकाचे नावच ‘बमिदबार’, म्हणजे ‘रानात’ असे आहे. ‘मिदबार’ म्हणजे केवळ वाळवंट नव्हे. नांगरटीच्या पलीकडची, तुटपुंज्या पावसाची, फार तर कळप चारण्याजोगी भूमी. मराठी शास्त्रात त्यासाठी ‘रान’ व ‘अरण्य’ हे शब्द येतात. ते वाचून दाट झाडी डोळ्यांपुढे उभी राहते; सीनायात मात्र सावलीही दुर्मीळ. म्हणूनच एलीम येथील १२ झरे आणि खजुरीची ७० झाडे मोजून नोंदलेली आहेत.

२. कुटुंबांचा तळ
ही सैन्याची चाल नव्हती. लेकरेबाळे, वृद्ध, गुरेढोरे अशी ती कुटुंबांची वाटचाल होती. प्रत्येकाने आपल्या वडिलांच्या घराण्याच्या निशाणाजवळ राहावे आणि मध्यभागी दर्शनमंडप असावा, अशी रचना दुसऱ्या अध्यायात दिली आहे. मुक्काम दोन दिवसांचा की महिन्याचा, हे कोणालाच ठाऊक नसे. मेघ वर गेला की तंबू उतरवावयाचे.

३. सियालदहचा तळ
आपल्याच देशात असा एक तळ पडला होता. १९४७ च्या फाळणीनंतर, आणि १९५० च्या दंगलींनंतर तर लोंढ्यांनी, पूर्व बंगालमधील कुटुंबे कलकत्त्याच्या सियालदह स्थानकात उतरली. अनेकांचे बिऱ्हाड फलाटावरच राहिले. पुढे अनेकांना छावण्यांत नेण्यात आले. १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला आणि कोरापुट व बस्तरच्या डोंगराळ मुलखात निर्वासितांना वसविण्यात आले. नदीकाठच्या भातशेतीची सवय असलेल्या शेतकऱ्यांच्या वाट्याला खडकाळ जमीन आली. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातही, मूलचेरा व चामोर्शी भागांत, बंगाली निर्वासितांची गावे आहेत. १९७८ मध्ये हजारो लोक दंडकारण्य सोडून सुंदरबनातील मारिचझापी बेटावर गेले. १९७९ मध्ये त्यांना तेथून बळाने हुसकावण्यात आले. त्यात माणसे मेली; किती, ह्याविषयी आजही एकमत नाही.

येथे सावध राहिले पाहिजे. इस्राएल लोकांपुढे अभिवचन होते व मेघ होता. ह्या कुटुंबांपुढे सरकारी हुकूम होता. त्यांच्या हालांना ‘देवाची योजना’ म्हणून मोकळे होणे हा शास्त्राचा दुरुपयोग होईल.

४. यादी कशासाठी?
मारिचझापीच्या मृतांची संख्याही निश्चित नाही. परंतु परमेश्वराने आपल्या लोकांचा एकेक मुक्काम नावानिशी लिहवून घेतला. जेथे पाणी कडू निघाले ते माराही त्यात आहे. शिवाय स्वतःच्या देशात, पक्क्या घरात राहू लागल्यावरही वर्षातून सात दिवस मांडवात राहावे, म्हणजे पुढच्या पिढ्यांना कळेल, अशी आज्ञा दिली. स्मरणाचे फळ लेवीय १९:३४ मध्ये दिसते : तुम्ही परके होता, म्हणून परक्यावर प्रीती करा.

योहान १:१४ मध्ये शब्दाने आपल्यामध्ये वस्ती केली असे म्हटले आहे. तेथील मूळ ग्रीक क्रियापद ‘तंबू’ ह्या शब्दापासून आलेले आहे. प्रभू तळावर राहावयास आला. म्हणून फलाटावर वळकट्या टाकून बसलेले कुटुंब दिसले, तर ती ‘गर्दी’ नव्हे, तो एका घराण्याचा तळ आहे, हे ओळखावे.

मननासाठी :
१. आपल्या घराण्याचे मुक्काम वडीलधाऱ्यांना विचारून आपण लिहून ठेवले आहेत काय?
२. आपल्या मंडळीत अलीकडे परगावाहून आलेल्या कुटुंबाचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय?