संगणकाला ताप येतो तेव्हा : सेन्सर, ड्रायव्हर आणि एक छोटीशी फाईल



एप्रिल महिना, भिवंडी, वर पत्रे आणि त्या पत्र्यांखाली आमची संगणक खोली. सकाळच्या शाळेत साडेदहा वाजले की खिडकीजवळचा संगणक काही न सांगता बंद पडायचा. पहिल्या दिवशी सगळे एकच म्हणाले, "लाईट गेली." आपल्याकडे हा अंदाज सहसा चुकत नाही. पण पंखा फिरत होता आणि शेजारचा संगणकही चालू होता. आठवडाभर हेच चाललं. शेवटी डेडस्टॉक रजिस्टर काढून हा संगणक निर्लेखनाच्या यादीत टाकायचं ठरलं. तेवढ्यात पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, त्याला ताप आलाय का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मग पुढचा प्रश्न आपोआप आला : ताप मोजायचा कसा?

संगणकाच्या पोटात थर्मामीटर असतातच. प्रोसेसरच्या चिपमध्ये तापमानाचे सेन्सर असतात, मदरबोर्डवर वेगळे असतात, पंख्याच्या तारेतून तो किती फिरला याचा इशारा येतो. पण आपण वापरतो ते सॉफ्टवेअर या सेन्सरला थेट हात लावू शकत नाही. शाळेत दाखला हवा असेल तर पालक थेट कपाट उघडत नाहीत ना? कार्यालयात मागणी करतात, मग लिपिक रजिस्टर काढून हवी ती नोंद देतात. संगणकात हे कार्यालय म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि तो लिपिक म्हणजे ड्रायव्हर. प्रत्येक चिपची भाषा वेगळी असते. ती ज्याला समजते असा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर.

त्याचं काम साधं वाटतं, पण गंमत आहे. इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर "मी ५८ अंशांवर आहे" असं सांगतच नाही. तो सांगतो, "माझ्या कमाल मर्यादेपासून मी ४२ अंश खाली आहे." मर्यादा १०० असेल तर १०० वजा ४२ करून ५८ हे उत्तर ड्रायव्हर काढतो. पंख्याचंही तसंच. साधारणपणे एका फेरीत दोन इशारे येतात, त्यांच्यावरून मिनिटाला किती फेऱ्या झाल्या याचा हिशोब होतो. म्हणजे आपल्याला दिसतो तो आकडा कुणीतरी गणित करून दिलेला असतो. वजाबाकी शिकवताना मी आता हेच उदाहरण घेतो!

आमच्या त्या संगणकावर लिनक्स आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सीडॅक संस्थेने २००७ मध्ये आणलेली 'बॉस' ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीमही याच घराण्यातली, डेबियन लिनक्सवर आधारलेली. लिनक्समध्ये एक छान सोय आहे. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ आवृत्तीपासून यंत्राची माहिती 'सिस' नावाच्या फोल्डरमध्ये फाईलींच्या रूपात मिळते. त्यात 'क्लास', त्यात 'एचडब्ल्यूमॉन', म्हणजे हार्डवेअर मॉनिटर. आत एकेका चिपसाठी एकेक फोल्डर आणि त्यात 'टेम्प१_इनपुट' अशा नावाच्या फाईली. मी मुलांसमोर एक फाईल उघडली. आत फक्त एक आकडा :

७१०००

एक मुलगा जागेवरून उठलाच. "सर, एकाहत्तर हजार? जळेल की!"

इथे एकक महत्त्वाचं. लिनक्स तापमान मिलिअंशांत देतं. हजाराने भागा, म्हणजे ७१ अंश सेल्सिअस. अपूर्णांक टाळून बारीक फरकही सांगता यावा म्हणून ही युक्ती. विंडोजमध्ये एक वेगळाच प्रकार आढळतो, तिथे काही ठिकाणी केल्विनच्या दशांशात आकडा मिळतो. ३०१० दिसलं तर आधी दहाने भागायचं, ३०१ केल्विन, मग २७३.१५ वजा करायचे, म्हणजे जवळपास २८ अंश. आकडा वाचण्याआधी एकक वाचा, हे मी मापनाच्या धड्यात घसा कोरडा करून सांगतो. त्या दिवशी सांगावं लागलं नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना फार आवडली. ही फाईल डिस्कवर कुठेच साठवलेली नसते. तिचा आकार ४०९६ बाइट दाखवतो, पण खरं तर ती रिकामी खिडकी आहे. आपण ती उघडली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ड्रायव्हरला हाक मारतो आणि ड्रायव्हर सेन्सरकडून आलेला ताजा आकडा खिडकीत ठेवतो. म्हणून पुन्हा उघडली की आकडा बदललेला. आम्ही दहा-दहा सेकंदांनी उघडत गेलो. ७१, ७४, ७९. वर्गात चिडीचूप. (एक सावधगिरी : फोल्डरचे क्रमांक संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. म्हणून क्रमांक पाठ करू नका, आतली 'नेम' ही फाईल वाचून कोणती चिप आहे ते बघा. मी एकदा भलत्याच चिपचं तापमान फळ्यावर लिहिलं होतं.)

मग पंख्याची फाईल पाहिली. आकडा चांगला होता, पंखा व्यवस्थित फिरत होता. पंखा ठीक आणि ताप चढतोय, म्हणजे वारा पोचत नाहीये. झाकण उघडलं तर पंख्याखालच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये सुताच्या तुसाचा जाड थर! आजूबाजूला माग चालतात, तो तूस आपल्या नाकात जातो तसा यंत्राच्याही जातो. ब्रशने साफ केलं, झाकण लावलं, पुन्हा फाईल उघडली : ४६०००. निर्लेखनाच्या यादीतून एक ओळ खोडली.

पण मग संगणक बंद कोण करत होतं? त्याच मुलीला विचारलं. तिचे वडील मागावर आहेत. "बाणा तुटला की माग आपोआप थांबतो, तसं?" तसंच. मर्यादेजवळ आल्यावर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही ताप चढतच राहिला तर वीज तोडतो. त्या शेवटच्या क्षणी तो ऑपरेटिंग सिस्टीमलाही विचारत बसत नाही.

आता वरच्या वर्गांसाठी थोडं पुढचं. हे आकडे कुणालाही वाचू द्यावेत का? तापमानच तर आहे, त्यात काय लपवायचं, असं मलाही वाटायचं. पण शेजारच्या कारखान्याचं वीजमीटर नुसतं बघत राहिलात तर आत किती माग चालू आहेत, कधी बंद झाले, हे आत न जाता कळतं की नाही? इंटेलच्या प्रोसेसरमध्ये असंच एक वीजमीटर आहे आणि लिनक्स त्याचा आकडा मायक्रोज्यूलमध्ये फाईलीत देतं. पूर्वी ती फाईल कोणताही प्रोग्राम वाचू शकत असे. नोव्हेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी इतर सहकाऱ्यांबरोबर 'प्लॅटिपस' नावाचा हल्ला जाहीर केला. विजेच्या वापरातले बारीक चढउतार पाहून आत चाललेल्या कामाच्या गुप्त किल्ल्या काढता येतात, हे त्यांनी दाखवलं. त्यानंतर लिनक्सने ती फाईल फक्त मुख्य प्रशासकालाच वाचता येईल अशी केली. मोबाईलचंही असंच. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून हालचालीच्या सेन्सरचा आकडा सेकंदाला २०० पेक्षा जास्त वेळा हवा असेल, तर ॲपला तशी खास परवानगी आधी नोंदवावी लागते.

उपक्रम म्हणून आम्ही एक तक्ता केलाय : सकाळी साडेसात, नऊ आणि साडेदहा. खोलीचं तापमान भिंतीवरच्या थर्मामीटरने, संगणकाचं फाईलमधून. भागाकार मुलं करतात, मी फक्त बघतो. दुसऱ्या आठवड्यात साडेदहाचा आकडा ५१००० आला, तेव्हा मी काही म्हणायच्या आतच दोघं जण ब्रश घेऊन उभे होते.