ऑनलाइन लिलाव कोणत्या वेळी संपवावा?

आमच्या श्रीपेरुंबुदूर शाखेचे एक खातेदार मूळचे सांगली जिल्ह्यातले. इथल्या एका कारखान्यात पाळीने काम करतात. वडिलांनी हौसेने जमवलेली नाणी विकायची आणि मुलीच्या कॉलेजच्या फीला हातभार लावायचा, असा त्यांचा बेत होता. रात्रपाळी संपवून ते खोलीवर आले, सकाळी पावणेसातला फोनवरून नाण्यांचे फोटो एका लिलावाच्या साइटवर टाकले, सुरुवातीची किंमत 2,000 रुपये ठेवली, मुदत 7 दिवसांची निवडली आणि झोपी गेले. सात दिवसांनी उठून पाहतात तर लिलाव संपलेला आणि बोली एकच आलेली, तीही 2,000 रुपयांची. चेन्नईतल्या एका व्यापाऱ्याने त्याच नाण्यांना 7,500 रुपये देऊ केले होते. पण लिलाव पूर्ण झाला होता, माल देणे भाग होते.

त्यांनी काउंटरवर मला विचारले, "मॅडम, फोटो चांगले होते, वर्णनही बरोबर होते. मग चुकले कुठे?"

त्यांच्या दोन चुका झाल्या. सुरुवातीची किंमत ठेवताना त्यांनी मनाशी असा आकडा धरायला हवा होता की एकच बोली आली तरी विकल्याचे दुःख होणार नाही. ही चूक उघड आहे. दुसरी पटकन दिसत नाही. लिलावाच्या अनेक साइटवर लिलाव ज्या घटकेला सुरू होतो, ठरलेल्या दिवसांनी त्याच घटकेला संपतो. सुरू करण्याची वेळ निवडली की संपण्याची वेळही निवडून होते. यांचा लिलाव गुरुवारी सकाळी पावणेसातला सुरू झाला, म्हणून पुढच्या गुरुवारी सकाळी पावणेसातला संपला. त्या वेळी नाण्यांचे शौकीन दूध आणायला गेलेले असतात, नाहीतर अंथरुणात असतात.

संपण्याच्या वेळेला एवढे महत्त्व का, हे आधी पाहू. लिलाव संपवण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत घड्याळ ठरलेल्या सेकंदाला थांबते. दुसऱ्या पद्धतीत शेवटच्या काही मिनिटांत नवी बोली आली, की मुदत आपोआप पुढे सरकते आणि कोणी बोली लावायचे थांबले तरच लिलाव संपतो. अल्विन रॉथ (ज्यांना पुढे 2012 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले) आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी या दोन पद्धतींची तुलना केली. त्यांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्या काळी ईबेवर घड्याळ ठरल्या क्षणी थांबत असे, तर अ‍ॅमेझॉनच्या लिलावात शेवटच्या बोलीनंतर 10 मिनिटे शांतता राहावी लागे. ईबेवर बोलींची गर्दी अगदी अखेरच्या मिनिटांत होई, अ‍ॅमेझॉनवर ती तेवढी होत नसे. कारण सरळ आहे. घड्याळ थांबणार असेल तर हुशार ग्राहक आधी आपला हात दाखवत नाही. तो शेवटच्या क्षणाची वाट पाहतो. मग त्या क्षणी तो जागा आणि मोकळा असणे, हे विकणाऱ्याच्या फायद्याचे.

आपल्याकडे या खेळाची ओळख पहिल्यांदा झाली ती बाझी डॉट कॉममुळे. मुंबईत 2000 साली सुरू झालेली ही साइट 2004 मध्ये ईबेने विकत घेतली आणि भारतातले ईबेचे दुकान 2018 मध्ये बंद झाले. पण लिलाव संपले नाहीत. आज सर्वसाधारण खातेदाराच्या नजरेला सर्वांत जास्त पडतात ते बँकांचे ई-लिलाव. आमच्या या खातेदारांनीही पुढच्या खेपेला खिशातून वर्तमानपत्राचे कात्रण काढले. गावाजवळच्या एका फ्लॅटची लिलाव नोटीस होती. वेळ लिहिली होती दुपारी 12 ते 2. "ही वेळ बँकेने कशी काय निवडली? तेव्हा तर सगळे कामावर असतात," असा त्यांचा प्रश्न.

इथे दुसरी पद्धत लागू होते. नोटिशीत बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की शेवटच्या 5 किंवा 10 मिनिटांत बोली आल्यास तेवढीच मुदतवाढ मिळेल. त्यामुळे 2 वाजता लिलाव संपेलच असे नाही, आणि 1 वाजून 59 मिनिटांनी बोली लावून कोणाला चकवताही येत नाही. अशा लिलावात घड्याळाची चिंता करू नका. चिंता करायची ती त्याच नोटिशीतल्या दुसऱ्या तारखेची. इएमडी, म्हणजे इसारा रक्कम, भरण्याची शेवटची तारीख लिलावाच्या आधीची असते. ही रक्कम साधारणपणे राखीव किमतीच्या 10 टक्के असते. ती चुकली की लिलावाच्या दिवशी तुम्ही फक्त प्रेक्षक.

आणि इथेच लोक अडकतात. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालू आहे, म्हणून शेवटच्या संध्याकाळी पैसे पाठवू, असे अनेकांना वाटते. पण इंटरनेट बँकिंगमध्ये नवे खाते जोडले, की पहिले काही तास किंवा पहिला दिवस किती रक्कम पाठवता येईल यावर अनेक बँका मर्यादा घालतात. 2 लाखांची इसारा रक्कम त्या मर्यादेत बसली नाही, तर रात्री 9 वाजता शाखेत कोणी नसते. खाते दोन-तीन दिवस आधी जोडून ठेवा.

जिंकल्यानंतरचे घड्याळ त्याहून कडक. सरफेसी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे विक्री किमतीच्या 25 टक्के रक्कम, इसारा धरून, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते. समजा राखीव किंमत 20 लाख, इसारा 2 लाख आणि तुमची बोली 24 लाखांना थांबली. 25 टक्के म्हणजे 6 लाख, त्यातले 2 लाख भरलेले. उरलेले 4 लाख उद्या. बाकीचे 18 लाख विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत. लेखी संमतीने मुदत वाढली तरी एकूण तीन महिन्यांच्या पुढे नाही. गृहकर्ज एका दिवसात होत नाही, हे मी कर्जाच्या टेबलावर बसून सांगते आहे. मुदत ठेव मोडायची असेल किंवा सोने ठेवायचे असेल, तर त्याची तयारी बोली लावण्याआधी झालेली हवी. हप्ता चुकला तर भरलेली रक्कम जप्त होऊ शकते.

ज्याचे घर लिलावात निघते, त्याच्यासाठी शेवटची घटका आणखी आधी येते. पुष्कळ कर्जदार समजतात, की लिलावाच्या दिवशी हातोडा पडेपर्यंत पैसे भरून घर सोडवता येईल. 2016 च्या दुरुस्तीनंतर तसे राहिलेले नाही. मुंबईच्या बाफना मोटर्सच्या प्रकरणात लिलाव होऊन गेल्यावर कर्जदाराने अधिक रक्कम भरून मालमत्ता सोडवण्याची परवानगी मागितली होती आणि उच्च न्यायालयाने ती दिलीही. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि सांगितले, की सोडवून घेण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. म्हणून घरी 60 दिवसांची मागणी नोटीस येते, तेव्हाच शाखेत यायचे. पेपरात जाहिरात छापून येण्याची वाट पाहायची नाही.

आता पुन्हा नाण्यांकडे, म्हणजे घड्याळ थांबणाऱ्या लिलावाकडे.

रविवार संध्याकाळ सर्वांत चांगली, असा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. उरी सायमनसन यांनी ईबेवरच्या डीव्हीडींच्या लिलावांचा अभ्यास केला, तो 2010 साली प्रसिद्ध झाला. संध्याकाळी ग्राहक जास्त येतात, हे विकणाऱ्यांनाही माहीत असते, म्हणून तेही आपले लिलाव त्याच वेळी संपवतात. विकणाऱ्यांची गर्दी इतकी होते, की गर्दीच्या तासांत संपणाऱ्या लिलावांत माल विकला जाण्याचे प्रमाण आणि किंमत, दोन्ही कमी निघाले. आठवडी बाजारात सगळ्यांनी एकाच दिवशी मेथी आणली तर जुडीचे काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे.

माझे मत असे, की हे मालावर अवलंबून आहे. तुमच्यासारखीच वस्तू आणखी वीस जण विकत असतील (जुना मोबाइल, मिक्सर, मुलांची सायकल), तर गर्दीपासून दूर जा. बुधवारी किंवा गुरुवारी रात्री 9 च्या सुमारास संपवा. वस्तू दुर्मीळ असेल, तर स्पर्धक विक्रेता जवळपास नसतोच, मग गर्दीची संध्याकाळच बरी. लिलाव सुरू करण्याआधी साइटवर तशाच वस्तू शोधा आणि त्या केव्हा संपत आहेत ते कागदावर टिपा. दहा मिनिटांचे काम आहे.

खिशाचे घड्याळही पाहायला हवे. श्रीपेरुंबुदूरच्या पट्ट्यात पगार महिनाअखेर ते 7 तारखेच्या दरम्यान खात्यात येतात आणि आमच्या एटीएमपुढची रांग पाहून तारीख ओळखता येते. 25 तारखेला संपणाऱ्या लिलावात पाहणारे असतात, पण बोली लावणारे हात आखडता घेतात. हौसेची वस्तू पहिल्या दहा दिवसांतच विकावी.

मग पंचांग. हसू नका, ग्राहक मानत असेल तर विकणाऱ्याने ते विचारात घ्यावे. इथे शुक्रवारी साडेदहा ते बारा हा राहुकाळ असतो आणि त्या वेळी काही ग्राहक कर्जाच्या कागदांवर सही करायचे टाळून बाकावर बसून राहतात. रविवारचा राहुकाळ कॅलेंडरवर 4.30 ते 6 छापलेला असतो. ग्राहक तमिळनाडूतले असतील, तर रविवारी लिलाव साडेपाचला न संपवता आठ-नऊला संपवलेला बरा. मराठी ग्राहक असतील तर पितृपक्षात महागड्या वस्तूचा लिलाव संपवू नये. अमावास्येचे मात्र उलटे आहे. आपण ती टाळतो, लासलगावच्या बाजारात तर अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवण्याची प्रथा वर्षानुवर्षे होती, आणि इथे अनेक जण अमावास्येला नवे काम सुरू करतात.

परदेशी साइटवर विकणार असाल, तर घड्याळ पूर्ण फिरते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रविवारची संध्याकाळचे 6 वाजलेले असतात, तेव्हा आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसहा झालेले असतात, आणि हिवाळ्यात साडेसात, कारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्यांचे घड्याळ तासभर मागे असते. म्हणजे आमच्या खातेदारांची सकाळी पावणेसातची वेळ, वार सोमवार असता आणि ग्राहक अमेरिकेत असते, तर उत्तम ठरली असती. पण त्यांची काही नाणी 100 वर्षांहून जुनी होती. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार तशी नाणी खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तो मार्ग त्यांना बंदच होता, आणि ते माहीत नसताना पार्सल केले असते तर प्रकरण फीच्या पलीकडे गेले असते.

जुन्या नाण्या-नोटांचा विषय निघालाच आहे, तर एक सावधगिरी. तुमच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, आधी कमिशन किंवा कर भरा, असा रिझर्व्ह बँकेच्या नावाने फोन किंवा संदेश आला तर तो खोटा आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये स्पष्ट केले आहे, की ती असे व्यवहार करत नाही, त्यासाठी पैसे मागत नाही आणि कोणाला तसे अधिकारही दिलेले नाहीत. लिलाव अयशस्वी झालेल्या माणसाला असा फोन आला की तो लवकर भुलतो.

आमच्या खातेदारांकडे वडिलांच्या टपाल तिकिटांचे दोन अल्बम अजून आहेत. गेल्या आठवड्यात त्यांनी ते आणून दाखवले. साधी तिकिटे एका गठ्ठ्यात आणि त्रावणकोर-कोचीन संस्थानांची वेगळी, अशी विभागणी त्यांनी आधीच केली होती. साध्या गठ्ठ्याचा लिलाव पगारानंतरच्या बुधवारी रात्री सव्वानऊला संपेल असा लावायचा, संस्थानांच्या तिकिटांचा रविवारी रात्री साडेआठला, आणि दोन्हींची सुरुवातीची किंमत व्यापाऱ्याने सांगितलेल्या भावाइतकी, असे ठरले. बुधवारी त्यांची दुसरी पाळी असते, म्हणून लिलाव सुरू करायचे काम मुलीकडे दिले आहे.